दर १६ दिवसांनी एक पुस्तक : गिनीज बुकात पोचलेले बाबूराव अर्नाळकर नेमके कोण होते?

ठाण्यात टेंभी नाक्यावरून चालत निघालात की काही मिनिटांत कोर्ट नाका येतो. तिथे जिल्हाधिकारी कार्यालय आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी वसई तालुक्यातल्या अर्नाळा गावाचा सगळा सरकारी कारभार याच ठाणे जिल्ह्यात मोडायचा. विरारच्या पुढे, समुद्राच्या काठावरचं गाव. समोर बेटावर किल्ला. मराठ्यांनी तो १७३७ साली घेतला. त्याच साली ठाण्याचा किल्लाही मराठ्यांकडे आला, ज्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे.

पण मागच्या शतकात महाराष्ट्रातल्या लाखो घरांत अर्नाळा हा शब्द पोचला तो किल्ल्यामुळे नाही. तो पोचला पातळ, स्वस्त कागदावर छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावरून. लेखकाचं नाव असायचं, बाबूराव अर्नाळकर.

खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जूनचा. साल मराठी नोंदींमध्ये १९०६ दिलं जातं, गिनीजच्या नोंदीत १९०७ आहे. हजारो खुनांचे दिवस, वेळा आणि उलगडे लिहिलेल्या माणसाच्या स्वतःच्या जन्मसालावर दोन पुस्तकांचं एकमत नाही, हे त्यांच्या वाचकांना नक्की आवडलं असतं.

मृत्यू ५ जुलै १९९६ चा. म्हणजे ते गेले त्याला आता तीन दशकं होत आली. आज विशीत-तिशीत असणाऱ्यांना हे नाव माहीत असतं ते बहुतेक एखाद्या फॉरवर्डमुळे. मराठी माणसाने १०९२ कादंबऱ्या लिहिल्या, जागतिक विक्रम केला, आणि आपण त्याला विसरलो, असा तो मजकूर. यातली पहिली गोष्ट थोडी चुकीची आहे, दुसरी थोडी गुंतागुंतीची आहे, आणि तिसरी दुर्दैवाने बरीचशी खरी आहे.

तर आधी आकडा बघू.

१९८० च्या दशकातल्या गिनीज बुकात बाबूरावांची नोंद आहे. तिथे शब्द कादंबरी असा नाही. पुस्तकरूपात छापलेल्या छोट्या रहस्यकथा असा आहे. अशा १०९२ रहस्यकथा, शिवाय काही ललितेतर पुस्तकं, आणि काळ १९३६ ते १९८४. त्याच यादीत दक्षिण आफ्रिकेच्या कॅथलीन लिंडसे यांच्या नावावर ९०४ कादंबऱ्या आहेत. इंग्लंडचे जॉन क्रीझी यांच्या नावावर ५६४ पुस्तकं आहेत, तीही आधी ७४३ वेळा नकार पचवल्यावर. म्हणजे बाबूरावांचा आकडा दोघांपेक्षा मोठा, पण मोजमाप वेगळं. लिंडसे यांच्या कादंबऱ्या, बाबूरावांच्या लघुकथेपेक्षा मोठ्या आणि कादंबरीपेक्षा छोट्या गोष्टी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या फरकावरून बोळा फिरवला आणि १०९२ कादंबऱ्या करून टाकल्या.

फरक सांगितल्याने बाबूरावांचं काम लहान होत नाही. जरा हिशोब करा. ४८ वर्षांत १०९२ पुस्तकं म्हणजे वर्षाला साधारण २३. म्हणजे दर १६ दिवसांनी एक. आणि हे १६ दिवस लॅपटॉपवरचे नाहीत. हाताने लिहायचं, कागद छापखान्यात जाणार, तिथे खिळे जुळवणारा माणूस एकेक अक्षर उचलून ओळ उभी करणार, मग प्रुफं, मग छपाई. पहिलं पुस्तक बांधणीला गेलेलं असतानाच दुसऱ्यातला खून झालेला असायला हवा, नाहीतर गाडी चुकली.

हे करणारा माणूस कुठल्या वर्तमानपत्राच्या पगारावर नव्हता आणि कॉलेजात शिकवतही नव्हता. बाबूरावांचं गिरगावात चष्म्याचं दुकान होतं. त्या काळातले मराठीतले बरेच नावाजलेले लेखक प्राध्यापक, संपादक किंवा सरकारी नोकर होते. नोकरी घर चालवायची आणि लेखन प्रतिष्ठा द्यायचं. बाबूरावांचं गणित वेगळं होतं. त्यांच्या लेखनाने प्रतिष्ठा दिली नाही, वाचक दिले.

हे वाचक कोण होते ते कळलं तरच ही पुस्तकं तशी का होती ते कळतं.

१९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरता सुमारे १८ टक्के होती. मुंबईत हे प्रमाण जास्त, कारण शहरात शाळा होत्या, रात्रशाळा होत्या, वर्तमानपत्रं होती. गिरगावच्या चाळीत कारकून राहायचे, लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगार. यातल्या कित्येकांच्या घरात वाचणारी ही पहिलीच पिढी. अक्षरं जुळवून वाचता येतं, पण पाचशे पानांच्या कादंबरीला हात घालायची सवय नाही आणि विकत घ्यायला पैसेही नाहीत. अशा माणसाला पुस्तक मिळायचं ते सर्क्युलेटिंग लायब्ररीतून. गल्लीतलं छोटं दुकान, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक.

आता लायब्ररीवाल्याच्या बाजूने बघा. जाडजूड पुस्तक एकदा गेलं की पंधरा दिवस परत येत नाही. पातळ रहस्यकथा आज रात्री गेली की उद्या संध्याकाळी परत. लगेच पुढच्या माणसाला. एकच प्रत डझनावारी घरं फिरते. शिवाय वाचणारा परत येताना विचारतो, नवीन काय आलंय? हा प्रश्न विचारला जायचा म्हणून दर १६ दिवसांनी उत्तर द्यावं लागायचं. आज आपण एपिसोड ड्रॉप होण्याची वाट बघतो ना, धंदा तोच होता, फक्त स्क्रीन कागदाची होती.

पुस्तकांची जाडीसुद्धा कागदाच्या हिशोबाने ठरते. छापखान्यात पानं सुटी छापत नाहीत, सोळा-सोळा पानांचे फॉर्म छापतात. पाच-सहा फॉर्मांत गोष्ट बसली तर किंमत हाताशी राहते. त्यात दुसऱ्या महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हा तर पान वाचवणं ही गरजच झाली. अशा पानांत निसर्गवर्णनाला जागा नसते. पहिल्या पानावर कुणीतरी संकटात असायला हवं.

आणि बाबूरावांना ते जमलं.

त्यांचे दोन सर्वांत गाजलेले नायक म्हणजे झुंजार आणि काळापहाड. झुंजारबरोबर त्याची बायको विजया आणि साथीदार नेताजी. दुसरीकडे धनंजय हा खासगी गुप्तहेर आणि त्याचा मदतनीस छोटू. हे सगळे पुस्तकामागून पुस्तकं येत राहिले. वाचक लेखकाचं नाव सांगून पुस्तक मागायचाच, पण त्याआधी विचारायचा झुंजार आहे का म्हणून.

काळापहाड हे नावच बघा. बंगालच्या सुलतानाचा सोळाव्या शतकातला एक सेनापती या नावाने ओळखला जातो. १५६८ च्या ओडिशा स्वारीशी आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिरावरच्या हल्ल्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. दरारा वाटावा असं हे इतिहासातलं नाव मुंबईच्या रहस्यकथेतल्या नायकाला मिळालं. कायद्याच्या बाहेर उभं राहून दुष्टांना धडा शिकवणारा माणूस, पोलीस त्याच्या मागावर, आणि वाचक मात्र मनातून त्याच्या बाजूने.

इथे दुसरा मुद्दा येतो, जो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. या गोष्टी किती स्वतःच्या होत्या?

बाबूरावांनी इंग्रजी रहस्यकथांचा भरपूर आधार घेतला. हे गुपित नाही. मराठीत ही वाट त्यांच्या आधीपासून मळलेली होती. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या गोष्टी मराठी कपडे घालून आणल्या होत्या आणि त्या लोकांनी डोक्यावर घेतल्या होत्या. कायद्याला चकवणारा सभ्य चोर हा प्रकारही युरोपात आधीच रुळलेला होता. इंग्लंडमध्ये हॉर्नंगचा रॅफल्स, फ्रान्समध्ये लब्लाँचा आर्सेन ल्युपाँ, मग चार्टरिसचा सेंट. झुंजार आणि काळापहाड त्याच गोतावळ्यातले.

मग बाबूराव नुसते नकलाकार का? इतकं सोपं नाही. लंडनची गोष्ट गिरगावात आणायची म्हणजे नावं बदलून भागत नाही. तिथल्या गोष्टीत क्लब असतो, बटलर असतो, मोठ्या इस्टेटीचं मृत्युपत्र असतं, गावाबाहेरचा प्रचंड वाडा असतो. चाळीत राहणाऱ्या वाचकाला हे कसं पटणार? शिवाय भारतात खासगी गुप्तहेर हा रोजच्या ओळखीतला माणूस नव्हताच. इथे चोरी झाली की पोलीस चौकी, नाहीतर नशीब. धनंजयसारखा माणूस खरा वाटायला हवा असेल तर त्याची भाषा, त्याचा राग, त्याचं घरी परतणं हे सगळं मराठी करावं लागतं. आणि झुंजारची बायको घ्या. सभ्य चोराच्या परदेशी परंपरेत नायक बहुधा सडाफटिंग असतो. इथे झुंजार संसारी आहे आणि विजया कथेतलं कायमचं पात्र आहे. चाळीत ते पुस्तक पुरुषांइतकंच बायकाही वाचत असतील, तर या एका निवडीचं मोल लक्षात येतं.

तरीही आधार घेतला होता हे खरं, आणि तो कुठून घेतला हे पुस्तकावर ठळकपणे सांगण्याची त्या काळच्या या बाजारात पद्धत नव्हती. आज कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी दोन पानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून थ्रेड निघेल. दोन्ही गोष्टी एकत्र मान्य केल्या तरच बाबूरावांचं खरं चित्र दिसतं. सगळ्या कल्पना त्यांच्या नव्हत्या. पण त्या मराठी वाचकापर्यंत पोचवणारा आवाज त्यांचाच होता, आणि तो आवाज नसता तर नुसत्या परदेशी कल्पनांवर ४८ वर्षं दुकान चाललं नसतं.

मान मिळण्याच्या बाबतीत मात्र बाबूरावांचं दुकान कायम फुटपाथवर राहिलं.

त्यांचा बहर आणि मराठी नवकथेचा बहर साधारण एकाच काळातला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर आणि पुढे डोंबिवलीत राहायला आलेले पु. भा. भावे हे लघुकथेचं रूप बदलत होते. सत्यकथा मासिकात छापून येणं म्हणजे लेखक म्हणून पास होणं. समीक्षा लिहिली जायची ती या कथांवर, अभ्यासक्रमात जायच्या त्या या कथा. त्याच वेळी त्याच शहरात कित्येक पट जास्त लोक झुंजार वाचत होते. त्यावर लिहायचं काय, असा समीक्षेचा सूर. मुलं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची आणि सापडली की मार खायची. मोठी माणसं उघडपणे वाचायची, पण घरच्या कपाटात ती पुस्तकं दिसायची नाहीत.

यात समीक्षकांचं सगळंच चूक होतं असं नाही. दर १६ दिवसांनी एक पुस्तक लिहिणाऱ्याकडून प्रत्येक पान घासूनपुसून येणार नाही. साचे येतात, योगायोग येतात, खलनायक आधीच ओळखता येतो. पण या पुस्तकांनी केलेलं एक काम मोजायचंच राहून गेलं. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला शेवटच्या पानापर्यंत नेणं, आणि दुसऱ्या दिवशी परत लायब्ररीत आणणं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. मराठी माणसाने वाचावं म्हणून मोठ्या माणसांनी उभ्या केलेल्या या संस्था. त्याच कामाला गल्लीतली वर्गणीवाली लायब्ररी आणि तिथली झुंजारची फाटकी प्रत वेगळ्या वाटेने जुंपलेली होती.

देशात इतरत्रही हेच घडत होतं. १९५२ मध्ये अलाहाबादहून इब्ने सफी यांची जासूसी दुनिया सुरू झाली आणि उर्दू-हिंदी वाचक वेडे झाले. तमिळमध्ये पुढे राजेश कुमार यांनी पुस्तकांची हजारी ओलांडली. पण फरक असा की इब्ने सफी यांच्यावर आज इंग्रजी भाषांतरं निघतात, परिसंवाद होतात. बाबूरावांच्या वाट्याला अधूनमधून आठवणींचा लेख येतो.

मराठीत त्यांच्यामागून येणाऱ्यांनी वाट रुंद केली. गुरुनाथ नाईक यांनी स्वतःचे नायक उभे केले. नारायण धारपांनी भयकथा आणि विज्ञानकथा नेली कुठल्या कुठे. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोज इराणी लिहिले, आणि दुनियादारीही लिहिली. या लोकांच्या लहानपणी हातात काय पडत असेल, याचा अंदाज करायला गुप्तहेर लागत नाही.

मग सगळं बदलत गेलं. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि लालबाग-परळचं ते जग परत कधी पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. त्याच वर्षी सत्यकथाही बंद पडलं. म्हणजे प्रतिष्ठेचं मासिक संपलं, आणि गिनीजच्या नोंदीप्रमाणे बाबूरावांचं पुस्तक मात्र पुढे दोन वर्षं येतच होतं. ती नोंद १९८४ ला थांबते. १९८५ मध्ये टीव्हीवर गाजरं खाणारा करमचंद आला आणि रहस्यकथा वाचायची गोष्ट होती ती बघायची झाली. पुढे मराठी दूरदर्शनवर एक शून्य शून्य आलं, त्यातले शिवाजी साटम आणि दिग्दर्शक बी. पी. सिंग हेच १९९८ मध्ये सीआयडी घेऊन आले. ते बघायला बाबूराव नव्हते. १९९६ च्या जुलैमध्ये, नव्वदीच्या घरात, ते गेले होते.

आता राहिला शेवटचा प्रश्न. ही १०९२ पुस्तकं आज आहेत कुठे?

या पुस्तकांचा कागद टिकण्यासाठी नव्हताच. स्वस्त कागदात आम्ल राहतं, त्याने पान आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी दुमडलं की तुटतं. त्यात या प्रती शेकडो हातांतून गेलेल्या. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या बंद पडल्या तेव्हा गठ्ठे रद्दीत गेले. ज्या घरांनी पुस्तक कपाटात ठेवायला लाज वाटून घेतली, त्यांच्याकडे ते उरणार कसं?

कायद्याने एक वाट ठेवली होती. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ठिकाणी पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. पण छोट्या प्रकाशकाने दर १६ दिवसांनी निघणाऱ्या पातळ पुस्तकाच्या प्रती इमानेइतबारे पोस्टात टाकल्या असतील का, हा स्वतंत्र रहस्यकथेचा विषय आहे.

मग लोकांनी घरातल्या प्रती स्कॅन करून टाकाव्यात का? तर तेही सरळ नाही. भारतात लेखकाच्या हयातीतल्या पुस्तकांवरचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. बाबूराव १९९६ मध्ये गेले. म्हणजे हक्कदारांच्या परवानगीशिवाय झुंजार, काळापहाड आणि धनंजय सर्वांसाठी खुले व्हायचे ते १ जानेवारी २०५७ ला. १९४० च्या दशकात छापलेल्या प्रतीचा कागद तेव्हा शंभरी ओलांडून गेलेला असेल.